समुद्रातले चाचे आणि हाजींची जहाजे

आमच्या घरात ‘चाचा’ म्हणजे आमचे धाकटे बंधू. कारंजाच्या बाजारात त्यांचे धान्याचे दुकान आहे आणि सोयाबीनच्या हंगामात ते रात्री दहाच्या आत घरी येत नाहीत. सातवीतल्या आमच्या चिरंजीवांना शाळेतून प्रकल्प मिळाला, विषय ‘समुद्री चाचे’. पोराने मोठ्याने विषय वाचून दाखवला आणि सगळे घर हसायला लागले. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुसलमान मुलांची ही जुनीच गंमत आहे. घरातला चाचा खाऊ आणतो आणि पुस्तकातला चाचा जहाज लुटतो. दादी म्हणाल्या, “त्या चाचांचं आणि आपल्या चाचाचं नातं काय रे?” बंधूंनी दुकानाच्या वहीतून मान वर न करता उत्तर दिले, “उधारी कोणी देत नाही ना, तेव्हा मलाही एखादं जहाज लुटावंसं वाटतं.”

हसून झाले. पण दोन दिवसांनी चिरंजीव एक चित्र आणि एक अडचण घेऊन आले. चित्रात डोळ्याला काळी पट्टी बांधलेला, खांद्यावर पोपट बसवलेला माणूस होता. अडचण अशी, की त्याला डच, म्हणजे हॉलंडच्या चाच्यांवर लिहायचे होते आणि पहिलेच नाव निघाले पीट हाइन. “अब्बू, यानं स्पेनची जहाजं लुटली आणि त्याच्या गावात त्याचा पुतळा आहे. मग हा चाचा की हिरो?” आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून आम्हीही वाचायला बसलो, आणि वाचता वाचता हॉलंडहून निघालेली गोष्ट वेंगुर्ल्याला, तिथून सुरतेला आणि शेवटी आमच्याच माळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी येऊन पोचली. कारंजापासून समुद्र सुमारे सहाशे किलोमीटर लांब. इथल्या कितीतरी लोकांनी तो फक्त सिनेमात पाहिलेला आहे. तरी हे सगळे इथे बसून सांगण्यासारखे आहे.

आधी कागदाचे पाहू. त्या काळी युरोपात दोन राज्यांत युद्ध सुरू झाले की सरकार खासगी जहाजमालकांना परवाना देई : शत्रूची जहाजे धरा, माल न्यायालयासमोर आणा, सरकारचा हिस्सा द्या आणि उरलेले तुमचे. डच भाषेत या परवान्याला ‘कापरब्रीफ’ आणि परवानेवाल्याला ‘कापर’ म्हणत. कागद खिशात असेपर्यंत माणूस देशाचा शिपाई. कागद संपला, किंवा कागदात नाव नसलेल्या देशाचे जहाज धरले, की तोच माणूस चाचा, आणि चाच्याला फाशी. काम तेच, तोफा त्याच, खलाशी तेच.

हॉलंडचे राज्यच मुळी अशा लोकांच्या खांद्यावर उभे राहिले. स्पेनच्या राजाविरुद्ध १५६८ पासून बंड सुरू होते. जमिनीवर बंडखोर हरत होते, पण त्यांच्यातल्या काहींनी जहाजे घेऊन समुद्रात लूटमार मांडली. ‘समुद्रावरचे भिकारी’ हे त्यांचे नाव; शत्रूने हिणवले आणि त्यांनी ते मिरवले. १ एप्रिल १५७२ रोजी त्यांनी ब्रिल हे बंदर घेतले आणि बंडाला पाय ठेवायला जागा मिळाली. या लोकांपैकी अनेकांच्या कपड्यांवर चांदीची चंद्रकोर लावलेली असे, आणि तिच्यावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ साधारण असा, की पोपच्या राज्यापेक्षा तुर्काचे राज्य पत्करले. इस्लामशी त्यांचा काही संबंध नव्हता. शत्रूचा शत्रू एवढेच नाते. पण हॉलंडच्या स्वातंत्र्यलढ्यात चंद्रकोर होती हे वाचून चिरंजीवांनी ती लगेच वहीत काढून घेतली.

पीट हाइनची गोष्ट यानंतरची. १५७७ चा जन्म, मच्छीमार वस्तीतला मुलगा. तरुणपणी स्पॅनिश लोकांच्या हाती सापडला आणि सुमारे चार वर्षे त्यांच्या गलबतावर गुलाम म्हणून वल्ही मारत होता. १६२८ मध्ये त्याने क्यूबाच्या मातांझास उपसागरात स्पेनचा चांदी वाहून नेणारा ताफा गाठला आणि जवळजवळ लढाई न करता ताब्यात घेतला. सुमारे १ कोटी १५ लाख गिल्डरचा माल. पुढच्याच वर्षी तो लढाईत मेला, आणि ज्यांच्याशी लढताना मेला ते डंकर्कचे लोक स्पेनचा परवाना घेतलेले खासगी लुटारूच होते. त्याच्यावरचे गाणे हॉलंडमधली मुले अजून म्हणतात. उलट क्लास कोम्पान पाहा. त्यानेही परवाना घेऊनच सुरुवात केली, पण त्याला कागदाची मर्यादा मानवली नाही. समोर येईल ते जहाज त्याने लुटले. साडेतीनशे जहाजे धरली असे त्याच्याबद्दल बोलले जाई. १६२७ मध्ये सरकारने माफी दिली, तो घरी परतला आणि कंगाल होऊन मेला.

कोम्पान लुटीचा माल विकायला ज्या बंदरात जाई ते मोरोक्कोतले साले. या साल्याशी एक नाव जोडलेले आहे, आणि ते आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत ऐकले असेल : मुराद रईस. मूळ नाव यान यान्सझोन, गाव हार्लेम. तोही आधी डच परवान्यावर स्पेनची जहाजे धरायचा. १६१८ मध्ये कॅनरी बेटांजवळ अल्जीरियाच्या आरमाराने त्यालाच पकडले. त्याने इस्लाम कबूल केला, मुराद हे नाव घेतले आणि थोड्याच वर्षांत साल्याच्या जहाजांचा प्रमुख झाला. असा तो एकटाच नव्हता. हॉर्न गावचा डि फेनबूर नावाचा खलाशी सुलेमान रईस होऊन अल्जीरियाच्या आरमाराचा प्रमुख झाला होता, आणि सिमोन डि डान्सर नावाच्या आणखी एका डचाने तिथल्या खलाशांना उंच शिडांची मोठी जहाजे चालवायला शिकवले होते.

साल्याची बाजू समजून घ्यायला हवी. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने आपल्या मुसलमान वंशाच्या प्रजेला, सुमारे तीन लाख माणसांना, देशाबाहेर हाकलले. त्यातले पुष्कळ साल्यात उतरले. घरदार गेलेले, भाषा स्पॅनिश, मनात स्पेनबद्दल आग. त्यांनी जहाजे बांधली आणि सूड सुरू केला. इथपर्यंत आमचे मन त्यांच्या बाजूने जाते. पण १६२७ मध्ये मुराद रईस आइसलंडच्या ग्रिंडाविक गावावर उतरला, आणि २० जून १६३१ च्या रात्री आयर्लंडच्या बाल्टिमोर गावातून त्याच्या माणसांनी शंभरावर लोक उचलून नेले. बायका, लेकरे, झोपेतली माणसे. त्यांना अल्जीरियाच्या बाजारात विकले. त्या कोळ्यांनी कोणाला स्पेनमधून हाकलले होते? गुलामाची मान सोडवणे ही मोठी नेकी असे आम्ही लहानपणापासून मदरशात शिकलो. व्हिडिओ बनवणारे या माणसाला ‘इस्लामचा शेर’ म्हणतात, तेव्हा आम्हाला त्यात काही भर घालावीशी वाटत नाही. चिरंजीवांना आम्ही एवढेच सांगितले, की पीट हाइनला जी मोजपट्टी लावशील तीच यालाही लाव.

मुरादची एक गोष्ट मात्र मनात राहते. काही वर्षांनी दुरुस्तीसाठी त्याचे जहाज हॉलंडच्या फेअरे बंदरात लागले, तेव्हा त्याची पहिली बायको आणि मुले धक्क्यावर आली आणि परत चला म्हणून रडली. तो गेला नाही. म्हातारपणी त्याची मुलगी लिसबेथ त्याला भेटायला समुद्र ओलांडून मोरोक्कोला गेली. त्याचा एक मुलगा अँथनी आज जिथे न्यूयॉर्क आहे त्या वसाहतीत जाऊन स्थायिक झाला, आणि लोक त्याला ‘तुर्क’ म्हणूनच ओळखत.

आता आपल्या बाजूच्या समुद्राकडे वळू. इथे आलेले डच एकट्यादुकट्या जहाजाचे नव्हते. २० मार्च १६०२ रोजी त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिला व्यापाराबरोबर युद्ध, तह आणि किल्ले बांधण्याचेही अधिकार मिळाले. म्हणजे परवाना आता एका माणसाच्या खिशात नव्हता, अख्ख्या कंपनीच्या तिजोरीत होता. पुढच्याच वर्षी, २५ फेब्रुवारी १६०३ रोजी, याकोब फान हेम्सकर्क याने सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचे ‘सांता कातारिना’ हे अवाढव्य जहाज धरले. त्यावर चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी होती. जोहोरचा सुलतान पोर्तुगीजांवर चिडलेला होता, त्याची मदत डचांना झाली. आम्स्टरडॅममध्ये लिलाव झाला तेव्हा तीस लाख गिल्डरहून अधिक रक्कम आली, कंपनीच्या मूळ भांडवलाच्या जवळजवळ निम्मी.

पैसा आला, पण तो हलाल की हराम हा प्रश्न त्यांच्याकडेही उठला. शब्द त्यांचे वेगळे, प्रश्न हाच. मेनोनाइट पंथाच्या काही भागधारकांना लुटीचा पैसा पचेना. तेव्हा कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या विशीतल्या वकिलाला गाठले आणि ही लूट कायदेशीर होती असे लिहून मागितले. त्याच लिखाणातला एक भाग १६०९ मध्ये ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या नावाने छापला गेला. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही, तिथे सर्वांना ये-जा मोकळी, आणि पूर्वेकडचे राजे ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांचा मुलूख कोणी हिसकावू शकत नाही, हे त्याचे म्हणणे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया म्हणून आज ते पुस्तक शिकवले जाते. एका लुटीच्या वकिलीतून ते निघाले, हे आम्हाला आधी माहीत नव्हते.

हे वाचून दाखवत होतो तेव्हा दादी तसबीह ओढत बसल्या होत्या. त्यांनी नातवाला विचारले, “जुम्म्याला सूरह कहफ पढतोस ना? त्यात गरिबांची नाव कोण हिसकावत होतं?”

“बादशहा,” चिरंजीव म्हणाले. “म्हणून हजरत खिज्रनं नावेत खोट करून ठेवली.”

“मग,” दादी म्हणाल्या, आणि पुन्हा तसबीह ओढू लागल्या.

‘मुक्त समुद्र’ म्हणणाऱ्या डचांनी अरबी समुद्रात काय केले ते बघायला वेंगुर्ल्याला जायला हवे. त्यांच्या आधी शंभर वर्षे हा समुद्र पोर्तुगीजांनी अडवलेला होता. त्यांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतल्याशिवाय निघालेले जहाज ते जप्त करीत. त्या कागदावर येशू-मरियमची चित्रे असत, त्यामुळे असा कागद घेऊन हजला जावे का यावर अकबराच्या दरबारात उलेमांची चर्चा झाली होती. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, ती या परवान्यासाठी सुमारे वर्षभर सुरतेला अडकून पडली. १६१३ मध्ये तर पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज पळवले. त्यामुळे पोर्तुगीजांना धडा शिकवणारा कोणी आला, याचा इथल्या दरबारांना सुरुवातीला आनंदच झाला.

विजापूरचा मुहम्मद आदिलशाह त्यातलाच. १६३७ मध्ये योहान फान ट्विस्ट हा डच वकील विजापूरला आला आणि वेंगुर्ल्याला वखारीची परवानगी घेऊन गेला. वेंगुर्ले हवे होते कारण गोवा तिथून हाकेच्या अंतरावर. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की डचांची जहाजे गोव्यासमोर येऊन उभी राहत आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत आठ आठ महिने हटत नसत. त्यांना धान्य-पाणी पुरवायचे काम वेंगुर्ल्याचे. सप्टेंबर १६३९ मध्ये त्यांनी मुरगावच्या बंदरात शिरून पोर्तुगीजांची तीन मोठी जहाजे नष्ट केली. वेंगुर्ल्यातल्या त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. मालवणला सहलीला जाणाऱ्यांनी थोडे पुढे जाऊन त्या जरूर पाहाव्यात.

आपल्या जुन्या मराठीत या लोकांना ‘वलंदेज’ म्हणत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल सावधगिरीचा इशारा आहे : हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत. दादींनी एका शब्दात जे सांगितले तेच अमात्यांनी दरबारी भाषेत लिहून ठेवले आहे.

आता ती माळ्यावरची ट्रंक. आमचे आजोबा जहाजाने हजला गेले होते. कारंजाहून शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग जहाज. मुंबईहून हाजींची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. आता आमच्याकडचे लोक नागपूरहून विमानात बसतात. आजोबांना निरोप देताना त्यांच्या फुफीने दुआ केली होती, त्यात वादळाच्या आधी ‘दरियातल्या लुटारूं’चे नाव होते. घरात यावर नेहमी हसत, की विसाव्या शतकात कुठले लुटारू? पण ती दुआ कुठल्या तरी आणखी जुन्या निरोपातून चालत आली असणार, असे आता वाटते.

मोगल काळात वऱ्हाडातला माणूस हजला निघाला तर वाट बुऱ्हाणपूरवरून सुरतेची. सुरतेला लोक मक्केचा दरवाजा म्हणत. जहाजे वसंतात निघत आणि ऑगस्ट-सप्टेंबरात नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर परत येत. हजची तारीख चांद्र महिन्याने सरकते, वारे सरकत नाहीत; म्हणून काही वर्षी हाजींना महिनोन्‌महिने हिजाझमध्ये थांबून राहावे लागे. जाताना जहाजात कापड भरलेले असे, येताना ते विकून आलेले सोने-चांदी. परतीची वेळ ठरलेली, वाट ठरलेली, तांबड्या समुद्राचे तोंड अरुंद. लुटणाऱ्याला आणखी काय हवे?

डच कंपनीनेही हे ओळखले होते. १६४८ मध्ये सुरतेत तिच्या वखारीवर दरोडा पडला. शाहजहान बादशहा भरपाई देईना. तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीने मोख्याहून परतणारी दोन मोगल जहाजे धरून ठेवली आणि आपल्या मागण्या पदरात पाडून घेतल्या. याला चाचेगिरी म्हणायचे नाही, कारण कंपनीकडे कागद होता.

कागद नसलेले पुढे आले. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने आधी सुरतेचे बडे व्यापारी अब्दुल गफूर यांचे जहाज आणि मग खुद्द औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ लुटले. हे हाजींना घेऊन परतणारे सुरतेचे सर्वांत मोठे जहाज. इतिहासकार खाफीखानाने लुटीचा आकडा ५२ लाख रुपये दिला आहे. बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. या लुटीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही अधिक लिहीत नाही. आमच्या चिरंजीवांच्या प्रकल्पाचा माणूस तिच्या नंतरचा आहे : डर्क चिव्हर्स, डच.

हा माणूस १६९४ पासून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी टपून असणाऱ्यांपैकी. १६९६ मध्ये त्याने कालिकतच्या बंदरात उभी असलेली जहाजे धरली आणि खंडणी मागितली. बोलणी करायला गेलेल्यांना त्याच्या लोकांनी सांगितले, की आम्ही कोणाला देशबांधव मानत नाही, देश आम्ही कधीच विकून टाकला, सापडलो तर फाशीच आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण हा माणूस निदान स्वतःला काही वेगळे म्हणवत नव्हता. सप्टेंबर १६९८ मध्ये रॉबर्ट कलिफर्ड या इंग्रजाला जोडीला घेऊन त्याने सुरतेचे ‘ग्रेट मोहम्मद’ हे जहाज तांबड्या समुद्रात लुटले. सुमारे १ लाख ३० हजार पौंडांची रोकड गेली.

सुरतेत हाहाकार झाला. टोपीवाल्यांचे चाचे लुटतात, तर टोपीवाल्यांनीच भरपाई द्यावी, असे औरंगजेबाने ठरवले. इंग्रज म्हणत, ते डच आहेत. डच म्हणत, ते इंग्रज आहेत. फ्रेंचांनीही हात वर केले. पण तिघांच्या वखारी सुरतेत होत्या आणि तिथून हलायची कोणाची तयारी नव्हती. अखेर वाटणी झाली. इंग्रजांनी ३० हजार रुपये भरावेत आणि हिंदुस्थानच्या दक्षिणेकडचा समुद्र राखावा. फ्रेंचांनी तेवढीच रक्कम द्यावी आणि इराणचे आखात सांभाळावे. डचांनी सुरतेच्या सुभेदाराला ७० हजार रुपये द्यावेत, तांबड्या समुद्राच्या तोंडावर पहारा ठेवावा आणि हाजींच्या जहाजांना आपल्या तोफांच्या संरक्षणात मक्केच्या वाटेवर न्यावे-आणावे.

म्हणजे ज्या कंपनीने पन्नास वर्षांपूर्वी मोख्याची जहाजे धरली होती, ज्या देशाचा चिव्हर्स अजून मोकळा फिरत होता, त्याच वलंदेजांची तोफांची जहाजे पुढे हाजींच्या सोबतीला चालली. सुरतेहून निघालेल्या एखाद्या म्हाताऱ्या हाजीला शेजारच्या जहाजावरचा तो तिरंगी डच झेंडा पाहून काय वाटले असेल? सुटकेचा श्वास, की धास्ती? बहुधा दोन्ही. आणि धास्ती खोटी नव्हती. हा करार फार दिवस सुरळीत चालला नाही. नव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत सुरतेची आणखी जहाजे लुटली गेली, भरपाईवरून पुन्हा भांडण पेटले आणि रागावलेल्या डचांनी सुरतेचीच नाकेबंदी केली. राखणदार पुन्हा वाट अडवून उभा राहिला.

‘चाचा’ हे नाव कोणाला चिकटते, याचा अनुभव आपल्या किनाऱ्यालाही आहे. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा, ही त्यांची मागणी पोर्तुगीज आणि इंग्रज करीत त्याहून काही वेगळी नव्हती. पण इंग्रजी पुस्तकांत आंग्रे म्हणजे ‘पायरेट’. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजे, बाँब फेकणारी दोन गलबते आणि सैन्य घेऊन विजयदुर्गावर चढाई केली आणि हात हलवत परत गेले. तीस वर्षांनी, १७५४ मध्ये, तुळाजी आंग्र्यांनी तीन डच जहाजे गाठली, दोन जाळली आणि तिसरे ताब्यात घेतले. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मोठा सरदार होता, आणि समोर जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारप्रमुख. नाव, धर्म आणि बाजू यांची सरळ जुळणी त्या समुद्रात कुठेच सापडत नाही.

कारंजाचेही एक पान यात आहे. अहमदनगरच्या शहजादीला आंदण दिलेले म्हणून जुन्या काळी गावाला ‘कारंजा बीबी’ म्हणत; कापडाची मोठी पेठ होती. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि डिसेंबरात मराठ्यांची फौज कारंजावर आली. चार हजार बैल-गाढवांवर कापड, सोने, चांदी लादून नेल्याचे, सुमारे एक कोटीचा ऐवज गेल्याचे इतिहासकार लिहितात. मोगलांशी युद्ध चालू होते आणि शत्रूची श्रीमंत पेठ लुटणे ही तेव्हाची युद्धरीतच होती. मोगल फौजाही तेच करीत. शाळेत आम्ही हा धडा अभिमानाने वाचला, आणि आमच्याच गावच्या पेठेतल्या त्या वेळच्या सावकारांनी तो दिवस कसा काढला असेल हा विचार आम्हाला पन्नाशीत, मुलाच्या प्रकल्पामुळे सुचला.

प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी पोपटवाले चित्र फाडून टाकले. नवीन काढले : मधोमध हाजींचे जहाज, त्याच्या बाजूला वलंदेजांचे तोफांचे जहाज, कडेला एक छोटे गलबत, त्यात चिव्हर्स. हाजींच्या जहाजावर त्याने आजोबांची ट्रंकसुद्धा काढली. १६९९ मध्ये पत्र्याच्या ट्रंका नव्हत्या, असे आम्ही म्हणालो तर ऐकेना. मग त्याने विचारले, की डच जहाजाखाली ‘राखणदार’ लिहू की ‘चाचे’?

बंधू तेव्हाच दुकान बंद करून आले होते. त्यांनी चप्पल काढता काढता चित्र पाहिले. “पेन्सिलीनं लिही,” म्हणाले.

शाळेत दहापैकी आठ गुण मिळाले. दोन गुण गेले ते नकाशात वेंगुर्ले मालवणच्या वर दाखवल्याबद्दल.